मदत हवी आहे : चौदा वर्षांखालील संघातील उंच मुलीला पॉइंट गार्ड म्हणून खेळवावे का?

नमस्कार. मी एका शाळेच्या चौदा वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल संघाला प्रशिक्षण देते. त्यातील एका खेळाडूच्या बाबतीत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ही मुलगी आठवीत असून तिची उंची पाच फूट आठ इंच आहे. गेल्या हंगामापर्यंत ती सेंटर म्हणून रिंगखाली उभी राहत असे आणि रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा परत आलेला चेंडू) घेऊन तिथूनच बास्केट करणे एवढेच तिचे काम असे. या हंगामात मी तिला पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणाऱ्या खेळाडूची, जागा दिली आहे, आणि आजवर चेंडू पुढे आणणाऱ्या ठेंगण्या, चपळ मुलीला रिंगकडे पाठ करून चेंडू घेणे, पिव्होट करणे (एक पाय रोवून वळणे) आणि अंगावर आलेल्या खेळाडूला अडवून रिबाउंडची जागा धरणे शिकवत आहे.

यामागे माझा विचार असा आहे की मुलींची उंची साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, आणि ज्या लवकर वाढतात त्यांची वाढ बहुधा लवकर थांबतेही. तिच्या आईवडिलांची उंची पाहता ती आणखी फार वाढेल असे वाटत नाही. सतरा वर्षांखालील गटात ती जाईल तेव्हा आज तिच्या खांद्याला लागणाऱ्या काही मुली तिच्या बरोबरीला आलेल्या असतील, आणि तोवर तिला रिंगखालचाच खेळ येत असेल, तर उंचीचा फायदा गेल्यावर तिच्या हाती काहीच उरणार नाही. पुढे राज्याच्या निवड चाचणीत एवढ्या उंचीच्या मुलीचा विचार झालाच, तर तो गार्ड किंवा फॉरवर्ड (गार्ड आणि सेंटर यांच्या मधली जागा) म्हणून होईल.

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधील मोठ्या खेळाडूंची उदाहरणे मी पाहिली, परंतु त्यांतून एकच एक उत्तर मिळत नाही. अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता आणि नंतर झपाट्याने उंच झाला, तेव्हा गार्डचे कौशल्य त्याच्याजवळ टिकून राहिले. मिलवॉकी संघाचा तेव्हाचा प्रशिक्षक जेसन किड याने 2016 मध्ये जवळपास सात फुटांच्या यानिस अँटेटोकुंपोकडे चेंडू आणण्याची जबाबदारी सोपवली, आणि यानिसच्या जडणघडणीत या निर्णयाचा मोठा वाटा आहे असे मला वाटते. उलट केव्हिन ड्युरँटला 2007-08 या पहिल्या हंगामात सिएटल संघाने शूटिंग गार्ड (मुख्यतः लांबून फटके मारणारा गार्ड) म्हणून खेळवले. सामन्यामागे वीसहून अधिक गुण करूनही त्याचे तीन गुणांचे जेमतेम 29 टक्के फटके यशस्वी झाले. पुढच्या हंगामात तो स्मॉल फॉरवर्डच्या जागी गेला आणि ते प्रमाण 42 टक्क्यांवर पोहोचले. वाढत्या अनुभवाचा भाग त्यात नक्कीच असेल, तरीही चुकीच्या जागेची किंमत खेळाडूला मोजावी लागते, ही शंका मनातून जात नाही. शिवाय हे सगळे व्यावसायिक पुरुष खेळाडू आहेत, आणि माझ्यासमोर तेरा वर्षांची मुलगी आहे.

प्रत्यक्ष अडचण सामन्यात येते. समोरच्या संघाने पूर्ण मैदानावर प्रेस लावला, म्हणजे आमच्याच अर्ध्या मैदानात येऊन चेंडूवर दबाव आणला, की ती ड्रिबल थांबवते, पाठ फिरवते, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरते आणि अर्धे मैदान ओलांडण्यासाठी मिळणारे आठ सेकंद संपत आले की पलीकडच्या बाजूला लांब, उंच पास टाकते, जो हमखास मध्येच पकडला जातो. डाव्या हाताने ड्रिबल करताना तिची नजर अजूनही चेंडूवरच खिळलेली असते. मात्र दोघीजणी तिला घेरायला आल्या तरी त्यांच्या डोक्यांवरून तिला कोपऱ्यातली मोकळी मुलगी दिसते, आणि कधी कधी ती तिथपर्यंत असा सरळ पास पोहोचवते, जो आमच्या ठेंगण्या गार्डला कधीच शक्य नव्हता. तो पास पाहिला की हा प्रयोग सोडावासा वाटत नाही.

जिल्हास्तरीय स्पर्धा जवळ आली आहे. ती रिंगखाली उभी राहिली तर आपण विभागापर्यंत जाऊ, असे काही पालकांचे म्हणणे आहे आणि ते चुकीचे नाही. संघातील बाकीच्या मुलींनीही वर्षभर घाम गाळला आहे, त्यांच्या संधीचा विचार मला करावाच लागेल.

म्हणून विचारते : ज्यांनी या वयाच्या मुलींना शिकवले आहे त्यांनी असा बदल फक्त सरावात ठेवला, की महत्त्वाच्या सामन्यांतही? बचावात तिने समोरच्या सर्वांत उंच मुलीलाच धरावे आणि रिबाउंड मिळाल्यावर पास न देता स्वतःच ड्रिबल करत पुढे निघावे, अशी मधली वाट मला सुचते आहे. त्यात प्रेस लागायच्या आतच चेंडू अर्धे मैदान ओलांडेल. हे कोणी करून पाहिले आहे का? प्रेस असताना तिच्या जोडीला दुसरी गार्ड कुठे उभी करावी? आणि रिंगखाली पाठवल्यापासून थोडी हिरमुसलेल्या त्या ठेंगण्या मुलीला, हे शिक्षण तिच्याही उपयोगाचे आहे, हे सामन्यात कोणत्या प्रसंगातून दाखवून देता येईल?

सरावासाठी आम्हाला रोज संध्याकाळी दीड तास मैदान मिळते. त्यात बसतील असे सराव सुचवल्यास फार मदत होईल.