'निखात निधी'ला मराठीत काय म्हणाल?

मातीकाम: ग्रामपंचायतीच्या फलकासाठी मजकूर लिहून देतोय. पाया खणताना, नांगरताना जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर काय करायचं, हा विषय. कायदा १८७८ चा, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट. सरकारी मराठीत 'भारतीय निखात निधी अधिनियम'. मसुदा सरपंचताईंना दाखवला तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "हा निधी कुठल्या योजनेतला? प्रस्ताव कधीपर्यंत द्यायचाय?" म्हणून 'गुप्तधन' केलं, तर शेजारी बसलेले तलाठीभाऊ म्हणाले, नको, मांत्रिकाची जाहिरात वाटते. सुचवा काहीतरी.

तळटीप: निखात म्हणजे पुरलेलं. नि + खन्. खणणे, खाण, खंदक सगळे त्याच घरातले. नेमका शब्द आहे, तो का बदलायचा? लोकांना माहीत नाही म्हणून शब्द टाकून देत बसलो तर उद्या 'अधिनियम'ही टाकावा लागेल.

रानमेवा: अधिनियम टाकलाच पाहिजे! 'कायदा' आहे की चांगला.

तळटीप: कायदा अरबी आहे.

रानमेवा: असू दे. माझ्या आजीला कायदा कळायचा आणि ती अरबस्तानात गेली नव्हती.

कोरडवाहू: आमच्याकडे परभणीत म्हातारी माणसं 'दफिना' म्हणायची. "त्याला दफिना लागला" म्हणजे एकाएकी पैसेवाला झाला. निजामाच्या राज्यातला शब्द, दफन मधलाच. फलकावर चालणार नाही, पण नोंदवून ठेवतो.

अर्धा चहा: घाटावर 'हंडा सापडला'. आत मोहरा आहेत हे सांगावं लागत नाही.

मातीकाम: 'हंडा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवा' असं लिहिलं तर पाणीटंचाईचा फलक वाटेल.

तळटीप: 'निधी'चा एक जुना अर्थच पुरलेलं धन आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत निधी सापडला तर राजाचा वाटा किती, ज्याला सापडला त्याचा किती, याचे श्लोक आहेत. आमदार निधी नंतरचा.

रानमेवा: पण आज वाचणारा आमदार निधीवाला आहे, याज्ञवल्क्य नव्हे.

वकिलीण: शब्दावर भांडा, पण फलकावर कायदा नीट येऊ द्या. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशात, म्हणजे भिंतीतसुद्धा, दडवलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. १० रुपये ही १८७८ ची मर्यादा आहे, म्हणजे आज व्यवहारात सगळंच आलं. मग जाहीर नोटीस निघते, हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. कुणीच मालक ठरला नाही तर, वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश ज्याला सापडलं त्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारला ती वस्तू ठेवायची असेल तर ती ज्या धातूची वगैरे बनली आहे त्याची किंमत अधिक त्या किमतीचा एक पंचमांश देऊन घेता येते. लपवलं तर वाटा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.

अर्धा चहा: तीन चतुर्थांश आपल्याला? मला वाटलं सगळं सरकारजमा. मग लोक रातोरात सोनाराकडे वितळवायला का नेतात?

वकिलीण: कारण तुम्हाला वाटलं तेच त्यांनाही वाटतं. आणि नाणी शंभर वर्षांपलीकडची असली तर ते 'पुरावशेष', १९७२ चा कायदा वेगळा. वितळवलेल्या सोन्याचं सोनं उरतं, त्यावरची अक्षरं जातात.

मातीकाम: आता दुसरी अडचण. "ज्याला सापडलं त्याला" हे प्रत्येक वाक्यात लिहायचं? इंग्रजीत 'फाइंडर' एका शब्दात संपतं.

कोरडवाहू: शोधक?

मातीकाम: त्याने शोधलं नाही ना. तो विहीर खणत होता.

अर्धा चहा: सापडणारा?

रानमेवा: सापडणारा म्हणजे चोर. पोलिसांना सापडणारा.

वकिलीण: लाभार्थी म्हणू नका, सरपंचताई पुन्हा अर्ज मागतील.

तळटीप: मराठीत सापडणं हे माणूस करत नाही, वस्तू करते. "मला नाणं सापडलं" यात कर्ता नाणं. त्यामुळे फाइंडरला एकशब्दी नाम होणार नाही. 'ज्याला सापडलं तो' हीच मराठी, लांब वाटली तरी. हे मी म्हणतोय, नोंद घ्यावी.

रानमेवा: नोंद घेतली, तारीख वार घालून.

कोरडवाहू: गुप्तधन नको म्हणणाऱ्या तलाठीभाऊंशी मी सहमत आहे. जादूटोणाविरोधी कायद्याखालच्या बातम्या वाचा, 'गुप्तधनासाठी' हाच शब्द, आणि पुढे अघोरी पूजा. आमच्या चुलत्यांचा जन्म पायाकडून झालेला, पायाळू. पायाळू माणसाला अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं म्हणे. दोन माणसं जीप घेऊन त्यांना न्यायला आली होती. आजोबांनी कुत्रं सोडलं.

अर्धा चहा: अवांतर: पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात ना? कोकणात आहे का हा समज?

किनारपट्टी: आहे. पाठीत उसण भरली की पायाळूकडून लाथ मारून घेतात, उसण जाते. माझी मावशी पायाळू, अख्खी वाडी तिच्या लाथा खाऊन गेली आहे.

वकिलीण: धागा कुठे चाललाय?

मातीकाम: 'पुरलेलं धन' लिहितोय. खाली बारीक अक्षरात कायद्याचं सरकारी नाव, वर्षासकट.

तळटीप: निषेध.

किनारपट्टी: तळटीप, तुमचा 'खंदक' खन् धातूतला नाही. अरबीतून आला, अरबीत फारसीतून.

तळटीप: आणि फारसीत 'कंदन' म्हणजे खणणे. ते आणि आपलं 'खन्' सख्खे भाऊ. घर तेच, दार वेगळं.

किनारपट्टी: मग तुम्ही खंदक अरबी मानणार की संस्कृत?

रानमेवा: मराठी मानू या का एकदा?

तळटीप: हा मुद्दा नाही.