सगळे हाय-गेन ट्यूब ॲम्प सारखेच वाजतात का?

खर्ज

“गेन वाढवला की सगळे ट्यूब ॲम्प सारखेच” हे गिटारच्या ॲम्पबद्दल हल्ली फार ऐकू येतं. (गेन म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते; खूप वाढवला की आवाज फाटतो, म्हणजे डिस्टॉर्ट होतो.) मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

गेल्या शनिवार-रविवारी चार हेड (स्पीकर नसलेले ॲम्प) एकत्र मिळाले: मार्शल जेसीएम ८००, पीव्ही ५१५०, मेसाचा ड्युअल रेक्टिफायर आणि मेसाचाच मार्क फोर. गिटार एक, केबल एक, कॅबिनेटही (स्पीकरची पेटी) एकच, ४×१२, म्हणजे आत बारा इंची चार स्पीकर, व्हिंटेज ३० मॉडेलचे. पेडल एकही नाही. दोन दिवस तोच रिफ (छोटा, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) वाजवला: सहाव्या तारेवर पाम म्यूट (तळहाताने तार दाबून), मग मोकळी सोडलेली पॉवर कॉर्ड (दोन सुरांची कॉर्ड).

८०० चा गेन पूर्ण उघडला तरी आजच्या मानाने कमीच. पण हात हलका केला की आवाज लगेच निवळतो, आणि शेजारची तार चुकून लागली तर तीही ऐकू येते. काही लपत नाही त्यात. रेक्टिफायरमध्ये पाम म्यूट मारला की आधी नोट येते आणि हवेचा धक्का तिच्या मागून. मोठा, पसरट, जरा सैल. ५१५० मध्ये नोट पिकबरोबर सुरू होते आणि हात दाबला की तिथंच तुटते. वरच्या मिडला (आवाजाच्या मधल्या पट्ट्याला) करवतीसारखी कड आहे. मार्क फोरवर जलद डाउनपिकिंग (पिक फक्त खालच्या दिशेने मारणं) केलं तेव्हा प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला, पण बेसचा नॉब जरा वर नेला की सगळा चिखल.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: रेक्टिफायर आणि ५१५० हे दोन्ही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे, आणि दोघांच्या सर्किटचं मूळ सोल्डानोच्या १९८७ च्या एसएलओ-१०० ॲम्पपर्यंत जातं. पॉवर ट्यूबही (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या ट्यूब) दोघांत ६एल६. एका घराण्यातले दोन ॲम्प हाताखाली इतके वेगळे लागत असतील, तर “सगळे सारखेच” कसं म्हणायचं?

पाम_म्यूट

असहमत. वर्णन छान केलंय, पण तुलना उघड्या डोळ्यांनी झाली आहे. समोर कुठला हेड आहे हे माहीत असलं की कान त्याच्या नावाचाच आवाज शोधतो. आणि चौघांचा आवाज एका पातळीवर कसा आणला? नुसत्या अंदाजाने? कानाचा स्वभाव १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून ठेवलाय: आवाज लहान असला की बेस कमी ऐकू येतो, मोठा केला की भरतो. एखाद्या डेसिबलचा फरक “मोठा आवाज” म्हणून कळत नाही, “भरदार ॲम्प” म्हणून कळतो.

मी हे करून पाहिलंय. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे हेड, एकच कॅबिनेट, समोर एक एसएम५७ माइक. इक्यू (बेस, मिड, ट्रेबलची पातळी) जुळवला, पातळी मीटरवर समान केली आणि रेकॉर्डिंग तीन वाजवणाऱ्या मित्रांना ऐकवलं. कुणालाही खात्रीने ओळखता आलं नाही. मग हेड तोच ठेवून माइक स्पीकरच्या मधल्या टोपीवरून दोन बोटं बाहेर सरकवला. तिघांनीही ताबडतोब विचारलं, “हा कुठला ॲम्प?” व्हिंटेज ३० काढून ग्रीनबॅक स्पीकर लावले तेव्हाही तेच.

माझं मत पक्कं आहे. हेडवर जीव टाकण्याआधी स्पीकरकडे बघा.

ओहम

हेड आणि कॅबिनेट असे दोन वेगळे मुद्दे करताय, तिथेच घोळ आहे. ट्यूब ॲम्पमध्ये ते वेगळे काढताच येत नाहीत.

स्पीकरचा इम्पीडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) १६ ओहम लिहिलेला असला तरी तो सपाट नसतो. खाली रेझोनन्सपाशी (स्पीकर स्वतःहून सर्वात जास्त थरथरतो त्या सुरापाशी) त्याचा डोंगर होतो आणि वरच्या पट्ट्यात तो पुन्हा चढत जातो. पॉवर ॲम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) भरपूर असेल तर ॲम्प त्या डोंगराला दाबून ठेवतो. फीडबॅक कमी केला की स्पीकर आपल्या मनाप्रमाणे हलतो. रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडमध्ये हा फीडबॅक काढूनच टाकलेला असतो. खर्ज यांना जो “मागून येणारा धक्का” जाणवला, त्यात कॅबिनेटचा वाटा आहेच, पण त्याला मोकळं सोडलंय ॲम्पने. ५१५० मध्ये फीडबॅक असतो, शिवाय त्याचा बायस (पॉवर ट्यूबमधून एरवी किती प्रवाह वाहायचा ती सेटिंग) कारखान्यातूनच थंड, म्हणजे कमी ठेवलेला. तो आखडलेला वाटला यात नवल नाही.

मार्कचा चिखलही सर्किटमुळेच. बाकी तिघांत टोनचे नॉब गेनच्या टप्प्यांनंतर येतात, मार्कमध्ये आधी. म्हणजे तिथं बेस वाढवला की तो बेसच डिस्टॉर्ट होतो आणि सगळं गढूळ. म्हणून मार्कवाले बेस जवळपास शून्यावर ठेवतात आणि वजन नंतर ग्राफिक इक्यूच्या ८० हर्ट्झच्या पट्टीने परत आणतात. डिस्टॉर्शनच्या आधी काय कापलं आणि नंतर काय भरलं, हाय-गेनमध्ये सगळा खेळ एवढ्याच गोष्टीचा आहे.

अवांतर: रेक्टिफायरवर एसीचा डीसी ट्यूबने करायचा की डायोडने या स्विचवरून जे वाद होतात ते हळू आवाजात निरर्थक आहेत. पॉवर स्टेज करंट ओढायला लागल्याशिवाय तो फरक दिसणारच नाही.

सहावी_तार

माझा कौल पाम_म्यूट यांना. मी सहावी तार बी ला लावतो, म्हणजे ६२ हर्ट्झच्या आसपास. रेक्टिफायरपुढे ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावतो, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. त्या पेडलमध्ये ७२० हर्ट्झच्या खालचा भाग वरच्यापेक्षा कमी वाढतो, त्यामुळे ॲम्पकडे पोचणारा बेस आधीच छाटलेला असतो. तो सैलपणा लगेच गेला. एका छोट्या पेडलने जो पुसला जातो त्याला ॲम्पचा स्वभाव कसा म्हणू? आणि बँडमध्ये खालचा पट्टा बेस गिटारचाच असतो. तिथं हा धक्का कुणाला ऐकू येणार आहे?

ओहम

@सहावी_तार, पेडलने तुम्ही तेच केलंत जे मार्कवर बेसचा नॉब खाली आणून होतं: डिस्टॉर्शनच्या आधी छाटणी. एका सर्किटचा गुण दुसऱ्याच्या पुढे जोडलात. त्याने सर्किट महत्त्वाचं आहे हेच दिसतं.

बँडमधल्या मुद्द्याशी सहमत. तिथं ८०० सारखा मिड असलेला ॲम्प कमी गेनवरही पुढे निघून जातो.

खर्ज

@पाम_म्यूट, पातळी कानानेच जुळवली होती. तिथं तुमचं बरोबर आहे, आणि ५१५० जरा मोठा असण्याची शक्यता मी मान्य करतो.

पण तुमचे मित्र ऐकत होते, वाजवत नव्हते. पाम म्यूट मारल्यावर नोट किती लवकर हातात येते, हे वाजवणाऱ्याला आधी कळतं. रेक्टिफायरवर मी नकळत थोडा थांबून वाजवायला लागलो, ५१५० वर घाई करायला लागलो. म्हणजे रिफच बदलला. रेकॉर्डिंगमधला आवाज इक्यूने जुळवता येईल, पण हा बदललेला हात कसा जुळवणार?

पाम_म्यूट

हा मुद्दा मी धरला नव्हता. मग चाचणी अशी करा: हेड वाजवणाऱ्याच्या पाठीमागे ठेवा, पातळी मीटरने लावा, दुसरा कुणीतरी न सांगता हेड बदलेल, आणि ओळखायचं वाजवणाऱ्यानेच. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

खर्ज

चालेल. रेक्टिफायर मॉडर्न आणि व्हिंटेज अशा दोन्ही मोडमध्ये घेईन, म्हणजे ओहम यांच्या फीडबॅकच्या मुद्द्याचीही परीक्षा होईल.

ओहम

नक्की करा, फक्त हेड बदलताना आधी दोन्ही स्टँडबायवर (ट्यूब गरम, पण आवाज बंद) आणा, मगच स्पीकरची केबल काढा. ट्यूब ॲम्प लोडशिवाय, म्हणजे स्पीकर न जोडता वाजला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. घाईत स्विच करताना हे हमखास विसरलं जातं.