अमायनो अ‍ॅसिडची आकृती: एनएच२ की एनएच३ प्लस? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलगी म्हापशात बारावी सायन्सला आहे. मी कॉमर्सवाला, त्यामुळे केमिस्ट्रीत तीच पुढे आणि मी मागे.

मला समजलं ते असं: मधे एक कार्बन, त्याला चार बंध. एकावर अमिनो गट (एनएच२), दुसऱ्यावर कार्बॉक्सिल (सीओओएच), तिसऱ्यावर हायड्रोजन, चौथ्यावर 'आर', म्हणजे साइड चेन. आरच्या जागी हायड्रोजनच असला की ग्लायसीन, सीएच३ असला की अ‍ॅलनीन. इथवर ठीक.

पण पुढच्या पानावर त्याच रेणूत एनएच३ वर प्लस आणि सीओओ वर मायनस! ट्यूशनचे सर म्हणतात, "दोन्ही चालतं." चालतं म्हणजे काय? गोवा बोर्डाच्या पेपरात काय काढायचं?

आणि एक अवांतर. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टिडीन या अमायनो अ‍ॅसिडचं हिस्टामिन होतं आणि खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं म्हणे. हे हिस्टामिनही अमायनो अ‍ॅसिडच का? (हुमण वाढता वाढता निघालेला प्रश्न आहे, उत्तर न्यावंच लागेल.)

प्रतिसाद १
"दोन्ही चालतं" हे अर्धंच उत्तर झालं. सीओओएच प्रोटॉन (एच प्लस) सोडतं, एनएच२ तो घेतं, आणि इथे दोघं एकाच रेणूत आहेत. म्हणून ७ पीएचच्या आसपास पाण्यात प्लस-मायनसवालं रूपच असतं, त्याला झ्विटर आयन म्हणतात. स्फटिकातही तेच. ग्लायसीन आणि प्रोपियॉनिक अ‍ॅसिड (यात सीओओएच आहे, एनएच२ नाही) यांचं रेणूवस्तुमान जवळपास सारखं, ७५ आणि ७४. तरी प्रोपियॉनिक साध्या तापमानाला द्रव, आणि ग्लायसीन २३० अंशांच्या पुढे तापवलं तर वितळता वितळताच त्याचं विघटन होतं. प्लस-मायनस भारांची एकमेकांना ओढ ती.

आम्ल घाला: सीओओएच परत येतं, पण एनएच३ प्लस तसाच राहतो. अल्कली घाला: एनएच२ मिळतं, पण सीओओ मायनस राहतो. म्हणजे दोन्ही गट बिनभाराचे असलेलं चित्र पाण्यात कुठल्याच पीएचला प्रमुख नसतं. कोण कुणाला जोडलंय ते दाखवायला मात्र ते सोयीचं. पेपरात 'सामान्य रचना' विचारली तर ते काढा, 'झ्विटर आयन' विचारलं तर भारांसकट.

प्रतिसाद २
हिस्टामिन अमायनो अ‍ॅसिड नव्हे. जिवाणू हिस्टिडीनचा कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड म्हणून काढून टाकतात, उरतं ते नुसतं अमाइन. भाऊ, ते शिजवून जात नाही आणि माशाला वास येईलच असंही नाही. बांगडा बर्फातलाच घ्या.

धागाकर्ता
दोघांचे आभार. आता तिला आम्लातली आणि अल्कलीतली, दोन्ही अ‍ॅलनीनं काढायला बसवतो. प्रोलीनमध्ये मात्र आर वळून नायट्रोजनलाच जोडलेला दिसतोय, तिथे एनएच२ कसा मोजायचा?