मदत हवी आहे : सहकारी साखर कारखान्यांच्या हिशेबांना सकारात्मक लेखा सिद्धांत लावता येईल का?

नमस्कार. मी सांगलीत राहून शिवाजी विद्यापीठात एम.कॉम. करत असून, शोधप्रकल्पासाठी जिल्ह्यातील सहकारी साखर कारखान्यांचे ताळेबंद हा विषय घेण्याचा विचार आहे.

अडचण सिद्धांताची आहे. सकारात्मक लेखा सिद्धांतानुसार व्यवस्थापक बोनस, कर्जाच्या अटी आणि राजकीय खर्च (म्हणजे मोठा नफा दिसल्यास सरकारी हस्तक्षेपामुळे सोसावा लागणारा भार) लक्षात घेऊन लेखापद्धती निवडतात. परंतु त्यामागे मालक वेगळा आणि पुरवठादार वेगळा, असे कंपनीचे चित्र गृहीत आहे. आपल्याकडे सभासद हाच ऊस घालणारा असल्यामुळे एफआरपीपेक्षा (केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरापेक्षा) जास्त दिलेला दर हा खर्च मानायचा की नफ्याचे वाटप, हा प्रश्न प्राप्तिकरापर्यंत जातो. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये जादा दरातील नफ्याचा अंश हे वाटपच असल्याचे म्हटले आहे. मग जिथे नफा दाखवण्यापेक्षा दर देणेच महत्त्वाचे, तिथे निव्वळ नफ्याच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे मला तरी धोक्याचे वाटते.

अखेरच्या साखर साठ्याचे मूल्यांकन आणि ऊसदराच्या दुसऱ्या हप्त्याची तरतूद यांवर भर दिल्यास सिद्धांताची कसोटी लागेल का? की थोडेच कारखाने घेऊन लेखापालांच्या मुलाखती घेणे अधिक योग्य ठरेल? तसेच सभासद नसलेल्या विद्यार्थ्याने जुने वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण अहवाल रीतसर कोठून मिळवावेत, हे सहकार लेखापरीक्षणाचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे.