इलेक्ट्रिकलचं शेवटचं वर्ष, सोलर की ईव्ही? सोलापुरात राहून काही होईल का?

पूर्वभागवाला

नमस्कार मंडळी, बीई इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज सोलापुरातच, घर पूर्व भागात. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत, आई शिलाई करते. वर्गातली बरीच पोरं पायथन शिकून आयटीच्या मागं लागलेत, पण मला मशीन्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स मनापासून आवडतंय, लॅबमध्ये मोटर चालू केली की अजून पण भारी वाटतं.

आता माझ्यासमोर दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे इथलाच एक सोलरवाला साइट इंजिनिअर म्हणून घ्यायला तयार आहे, महिना 15 हजार. दुसरं म्हणजे पुण्यात चार महिन्यांचा ईव्हीचा कोर्स आहे, फी 70 हजार, प्लेसमेंटला मदत करू म्हणालेत, लेखी काही नाही. वडील म्हणतात कर्ज काढू पण तू कर. मला ते कर्ज नको वाटतंय, पण नुसत्या भीतीनं चांगली संधी घालवली असं पण व्हायला नको. ईव्हीत इलेक्ट्रिकलवाल्याला खरंच काम असतं का, की सगळं इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि मेकॅनिकलवालेच करतात? आणि सोलर म्हणजे फक्त छतावर पॅनल ठोकायचं काम आहे का? जे या लाईनीत आहेत त्यांनी प्लीज सांगा.

छतावरचा_माणूस

भावा पहिलं ते 70 हजार जागेवर राहू दे, काकांना कर्ज काढू देऊ नको.

मी आठ वर्षं सोलरमध्ये आहे, सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा सगळीकडं साइट केल्यात. पॅनल ठोकायचं काम फॅब्रिकेटरची पोरं करतात, ते तुझं काम नाहीच, तुझं काम इन्व्हर्टरपासून ग्रिडपर्यंत, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनपर्यंत. एक उदाहरण सांगतो म्हणजे समजेल. एका वस्तीवर 5 किलोवॅटचं सिंगल फेज सिस्टिम, रोज दुपारी बारा ते दोन इन्व्हर्टर बंद पडायचा, मालक वैतागलेला, बसवणारा म्हणाला इन्व्हर्टर खराब आहे बदला. मी जाऊन मीटर लावला तर काय, घर ते मीटर 60 मीटर अंतर आणि केबल टाकलेली 4 स्क्वेअर एमएमची. आता तूच हिशोब कर, 5 किलोवॅटला साधारण 22 अँपिअर, जाऊन येऊन 120 मीटर तांबं, नुसत्या केबलमध्येच 12 व्होल्ट चढतात. त्यात दुपारी लाईनवर लोड नाही म्हणून ग्रिडचं व्होल्टेज आधीच वर, मग इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होणार नाही तर काय. 16 ची केबल टाकली, 12 चे 3 व्होल्ट झाले, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून (म्हणजे व्होल्टेज थोडं खाली आणून) घ्यायला अर्ज दिला, प्रॉब्लेम संपला. इन्व्हर्टर एकदम ठणठणीत होता. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत आणि हे इलेक्ट्रिकलवाल्याशिवाय कुणाला सापडत पण नाही.

आपल्याकडच्या उन्हाचं पण तसंच आहे, लोकांना वाटतं सोलापूरचं ऊन म्हणजे सोलरला सोन्याची खाण. ऊन भरपूर आहे ते खरंच आहे पण पॅनलचं रेटिंग 25 डिग्रीवरचं असतं, मे महिन्यात काच हाताला लावू देत नाही, पॅनल 65 पर्यंत जातं आणि दर डिग्रीला साधारण 0.35 टक्के कमी होत जातं, म्हणजे भर दुपारी 14 टक्के गेले. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणारा इंजिनिअर कमी भेटतो, म्हणून सांगणाऱ्याकडं गिऱ्हाईक परत येतं.

कामाचं म्हणशील तर पीएम सूर्यघर योजनेमुळं छतावरचं काम खूप वाढलंय, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे, त्याशिवाय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत 33/11 केव्हीच्या उपकेंद्राजवळ मेगावॅटचे प्लांट उभे राहतायत म्हणजे शेतकऱ्याला दिवसा लाईट. मेगावॅटच्या प्लांटवर जायचा प्रयत्न कर, तिथं ट्रान्सफॉर्मर, व्हीसीबी (मोठा ब्रेकर), रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं यंत्र), स्काडा (कॉम्प्युटरवरून प्लांटवर नजर ठेवायची सिस्टिम) सगळं हाताखालून जातं. आणि अनुभव झाला की सुपरवायझरचं लायसन्स काढच, त्याशिवाय पुढं स्वतःचं काही करता येत नाही.

15 हजार कमी आहेत, 18 तरी माग, आणि पेट्रोल वेगळं.

चाकणची_सोलापूरकर

मी अक्कलकोट रोडची, आता चाकणला ईव्हीत बॅटरी टेस्टिंगला आहे, माझं पण इलेक्ट्रिकलच. तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, ईव्हीत इलेक्ट्रिकलवाल्याला काम आहे पण आपण कॉलेजात शिकतो तेवढ्यावर नाही. मोटर, इन्व्हर्टर, ऑनबोर्ड चार्जर, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) हे सगळं आपलंच आहे, फक्त त्या प्रत्येकाच्या आत एक कंट्रोलर बसलाय आणि त्याच्याशी बोलता आलं पाहिजे, म्हणजे एम्बेडेड सी (कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग), सिम्युलिंक (सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) आणि कॅन (गाडीतल्या कंट्रोलरची आपसात बोलायची पद्धत). पायथनला नावं ठेवू नको, मी रोज टेस्टचा डेटा त्यातच बघते.

माझ्या इंटरव्ह्यूत विचारलेला एक प्रश्न सांगते. बॅटरीचा मेन कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा मोठा स्विच, चालू करायच्या आधी प्रीचार्ज रेझिस्टरमधून करंट का सोडतात? इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठा कपॅसिटर असतो, तो रिकामा असताना 350 व्होल्टची बॅटरी थेट जोडली तर क्षणात प्रचंड करंट जाऊन कॉन्टॅक्टर चिकटून बसतो, मग संकटाच्या वेळी तो उघडतच नाही. हे सर्किटच्या पहिल्या धड्यातलं आहे, आरसी चार्जिंग. सोबतच्या तीन जणांना महागड्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं आणि हे सांगता आलं नाही, मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी कारण त्यांच्या घरच्यांनी पैसे भरले होते.

म्हणून कोर्सपेक्षा एनपीटीईएलवर (सरकारी ऑनलाइन शिक्षणाची साइट) पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि ईव्हीचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, फुकट बघता येतात, परीक्षेलाच काय ती थोडी फी. आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच तुझा कोर्स समज, छोटी बीएलडीसी मोटर (ब्रश नसलेली डीसी मोटर) घे, स्वतः कंट्रोलर बनव, जळू दे दोन-चार मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर). फक्त लिथियमचे जुने सेल भंगारातून आणून खेळू नको, हे अगदी कळकळीनं सांगते. 2022 मध्ये स्कूटर पेटल्या त्यानंतरच बॅटरीच्या सुरक्षेच्या एआयएस 156 या मानकात कडक बदल झाले, आमचं अर्धं काम त्याच चाचण्यांचं असतं, थर्मल रनअवे, म्हणजे सेल आपोआप तापत जाऊन पेटणं, काय असतो ते मी डोळ्यांनी बघितलंय.

सोलापुरात ईव्ही डिझाईनचं काम फार नाही हे मान्य, पुण्याला यावंच लागेल, टाटा, महिंद्रा, बजाज आणि त्यांना माल देणारे सगळे इकडंच. पण आपल्या गावाला पण वारं लागलंय, इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीचंच बघ, ईव्हीला कॅमशाफ्ट (इंजिनचा भाग) लागतच नाही आणि यांचा मुख्य माल तोच, म्हणून त्यांनी 2018 मध्ये नेदरलँड्सच्या इलेक्ट्रिक ट्रक बनवणाऱ्या ईमॉसमध्ये हिस्सा घेतला होता.

बगॅस_ते_ग्रिड

कुणी साखर कारखान्यांचं नावच काढंना म्हणून लिहितोय. आपल्या जिल्ह्याएवढे कारखाने राज्यात दुसरीकडं नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी कोजन आहे, म्हणजे बगॅस (उसाचा चोथा) जाळून वीज, सीझनमध्ये रात्री दोन वाजता टर्बाइन सिंक्रोनाइझ करायला (ग्रिडशी जुळवून जोडायला) उभं राहिलं की जनरेटर काय असतो ते आयुष्यभर विसरत नाही. पगार फार नाही, ऑफसीझनला मेंटेनन्स. पण गावाजवळ राहून शिकायला चांगलं.

निवृत्त_उपकेंद्र

बाळा, मी पारेषणमध्ये (मोठ्या लाईनीनं वीज वाहून नेण्याच्या कामात) तीस वर्षं काढली. सोलर की ईव्ही यावर सगळे बोलले, मधल्या ग्रिडबद्दल कुणी बोललं नाही.

31 डिसेंबर 2013 ला रायचूर ते सोलापूर 765 केव्ही लाईन चालू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड बाकीच्या देशाशी जोडला गेला, एक देश एक फ्रिक्वेन्सी. ती लाईन आपल्या सोलापुरात येते, तुझ्या घरापासून काही किलोमीटरवर. आज सोलर दुपारी भरपूर आणि संध्याकाळी सात वाजता शून्य, नेमके तेव्हाच घराघरात दिवे, फॅन, कूलर चालू. तो खड्डा कुणीतरी भरायचा असतो. कोळशाचे संच वरखाली करायचे, बॅटरी स्टोरेज, नाहीतर पाणी वर चढवून खाली सोडायचं, घाटघरला 250 मेगावॅटचं तसंच केंद्र आहे. शिवाय सोलरच्या इन्व्हर्टरला जनरेटरसारखं फिरणारं वजन नसतं, आणि तो स्वतःचा करंट मर्यादित ठेवतो, त्यामुळं फॉल्ट करंट (बिघाडाच्या वेळी वाहणारा करंट) कमी मिळतो आणि जुनी रिले सेटिंग चुकतात. प्रोटेक्शन, म्हणजे बिघाड झाला की लाईन तोडायची व्यवस्था, शिकलेला माणूस पुढची अनेक वर्षं रिकामा बसणार नाही हे मी अनुभवानं सांगतो.

गेट परीक्षेची तयारी कर, एनटीपीसी, पॉवरग्रिड या सरकारी कंपन्या गेटवर घेतात. महापारेषण, महावितरणच्या जाहिरातींवर पण लक्ष ठेव. एक वर्ष गेलं तरी चालेल.

पूर्वभागवाला

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून कुणी सांगेल वाटलं नव्हतं. रात्री वडिलांना सगळं वाचून दाखवलं, केबलचं ते लगेच बोलले, कारखान्यात पण लांबच्या मागाला व्होल्टेज कमी पडतं म्हणून मोटर गरम होते. कर्ज काढायचं नाही हे ठरलं. प्रोजेक्ट बीएलडीसी कंट्रोलरचाच घेतोय, सरांना उद्या विचारतो.

ताई, मॉसफेट चालवणारा ड्रायव्हर आयसी कुठला घेऊ? आणि काका, गेट आणि नोकरी सोबत जमेल का?

निवृत्त_उपकेंद्र

जमेल. पहाटे दोन तास, रोज. माझ्याकडं जुनी प्रोटेक्शनची पुस्तकं आहेत, घेऊन जा.

चाकणची_सोलापूरकर

आयआर 2110 पासून सुरू कर, स्वस्त आहे आणि भरपूर माहिती मिळते. बूटस्ट्रॅप कपॅसिटर (वरच्या मॉसफेटच्या गेटला व्होल्टेज पुरवणारा) का लागतो ते आधी कागदावर काढ, मगच सोल्डरिंग. अडलं तर इथंच फोटो टाक.

छतावरचा_माणूस

ते 15 हजारवाल्याला लगेच हो म्हणू नको. रविवारी मोहोळला एका प्लांटवर अर्थिंग टेस्टिंग आहे, सकाळी सातला सात रस्ता चौकात ये, माझ्या गाडीत जागा आहे. सेफ्टी बूट असतील तर घालून ये, नसतील तर नंबर सांग, मी आणतो.