गणपतीत फार्मसी कॉलेजची रॅली कशाला? त्यापेक्षा गावातल्या गोळ्यांच्या पिशव्या बघा

बाजारपेठ_चिपळूण (धागाकर्ता)

आमच्याकडच्या एका फार्मसी कॉलेजचं पुढच्या तीन महिन्यांचं पत्रक परवा दुकानाच्या शटरवर कुणीतरी चिकटवून गेलं. कॉलेजचं नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. बातम्या चांगल्या आहेत: काही मुलं जीपॅट (एम.फार्मच्या प्रवेशाची परीक्षा) पास झाली, लॅबमध्ये नवीन एचपीएलसी मशीन (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं) आलं. घोडं अडतं ते कार्यक्रमांपाशी. 17 ते 23 सप्टेंबर राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स सप्ताह, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा. त्यात पोस्टर स्पर्धा, रांगोळी, प्रश्नमंजूषा. 25 सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन, म्हणून बाजारपेठेतून रॅली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय फार्मसी सप्ताह. त्यात परत पोस्टर आणि परत रांगोळी.

आता पंचांग उघडा. यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे गणपती उशिरा, 14 सप्टेंबरला. अनंत चतुर्दशी 25 ला. म्हणजे कॉलेजची रॅली आणि विसर्जनाची मिरवणूक एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर! पांढरे एप्रन घालून पोरं चालणार आणि लोक विचारणार, हा कुठल्या मंडळाचा गणपती?

माझं मेडिकल आहे, वीस वर्षं झाली. 22 जुलै 2021 च्या पुरात खालचे सगळे रॅक पाण्यात गेले. चिखल काढून दुकान उघडलं तेव्हा पहिले आठ दिवस जी माणसं आली, त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती, पाकीट नव्हतं, फाइल नव्हती. सगळं वाशिष्ठीने नेलेलं. "ती गुलाबी गोळी द्या, बारीक, सकाळची." "बीपीची आहे, नाव नाही माहीत, तुमच्याकडूनच तर नेतो." गुलाबी आणि बारीक गोळ्या माझ्याकडे चाळीस असतील. आपण कुठली गोळी खातो हे निम्म्या गावाला ठाऊक नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. खरं तर आधीच कळायला हवं होतं, पण काउंटरच्या आतून तेवढं दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं: रॅली रद्द करा, रांगोळी रद्द करा. गणपतीत अख्खी मुंबई कोकणात उतरते. बीपीच्या गोळ्या परळला टेबलावर विसरून आलेला चाकरमानी, हरितालिकेचा कडक उपास धरून सवयीने शुगरची गोळी ग्लिमेपिराईड घेणारी मावशी आणि दुपारी तिला येणारी घेरी, दहा तास गाडीत बसून आलेलं इन्सुलिन. मुलांना एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर टेबल टाकून बसवा. पिशवी उघडायची, कुठली गोळी कशाची ते मराठीत मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्यायचं. फार्मासिस्ट दिन साजरा करण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

खडू_डस्टर

मी अशाच एका कॉलेजात शिकवतो (तुमच्या शटरवरच्या नव्हे), तेव्हा बाजू मांडणं भाग आहे.

पहिली गोष्ट, तारखा कॉलेज ठरवत नाही. 25 सप्टेंबर 1912 ला फार्मासिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, एफआयपीची, स्थापना झाली. 2009 मध्ये इस्तंबूलच्या अधिवेशनात हाच दिवस जगभर पाळायचं ठरलं. तिथे कुणी कालनिर्णय घेऊन बसलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, फार्मसी कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सेमिस्टरला किमान 100 कामकाजाचे दिवस भरावे लागतात आणि प्रत्येक विषयात 80 टक्के हजेरी. पावसाच्या सुट्ट्या, गणपतीच्या सुट्ट्या, वर तुमचं टेबल. दिवस आणायचे कुठून?

आणि रांगोळीची चेष्टा सोपी आहे. मागच्या वर्षी पोस्टर करायचं म्हणून आमच्या दोन मुलींनी नरांजो स्केल पाठ केला. एखादा त्रास औषधामुळेच झाला का, हे दहा प्रश्नांवरून ठरवायची ती रीत. वर्गात मी तीन वेळा शिकवूनही डोक्यात गेली नव्हती. राहिला या कार्यक्रमांचा फोटो. हो, फोटो फाइलला लागतो. फाइल नसली तर तपासणीला येणाऱ्यांना काय दाखवू, तुमचं एसटी स्टँड?

बाजारपेठ_चिपळूण

एसटी स्टँडच दाखवा की. उलट साहेबांना तिथेच चहा पाजा.

क्यूए_वाला

धागाकर्त्याशी असहमत, पण सरांच्या बाजूनेही नाही.

लोटे एमआयडीसीत बारा वर्षं क्वालिटीत आहे. त्या पत्रकातली खरी बातमी एचपीएलसीची, आणि तीच तुम्ही एका ओळीत उडवलीत. आमच्याकडे मुलाखतीला पोरं येतात, एचपीएलसीचं तत्त्व घडाघडा सांगतात आणि त्यातला कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, हातात दिला की नारळ धरल्यासारखा धरतात. मशीन आलं, पण मुलांना हात लावू देणार की काचेच्या दाराआड पूजा करणार, हे विचारा. सहाव्या सेमनंतर 150 तासांचं ट्रेनिंग असतं. कितीजण खरंच कंपनीत जातात आणि कितीजण ओळखीच्या मेडिकलमधून शिक्का मारून आणतात, हे धागाकर्त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

समाजसेवा करू नका असं नाही. पण लोटे, महाड, रोहा, पाताळगंगा एवढ्या कंपन्या शेजारी असताना कोकणातली मुलं नोकरीला मागे का पडतात, हा प्रश्न आधीचा आहे. दिवस मोकळा मिळतोय तर प्लांट दाखवा. पिशव्या बघून बॅच रेकॉर्ड, म्हणजे औषधाची खेप कशी बनली त्याची नोंद, लिहिता येत नाही.

बाजारपेठ_चिपळूण

शिक्क्याचा टोमणा लागला. मारलेत मी, दोनदा. तिसऱ्या मुलाला काउंटरवर महिनाभर उभा केला तर बाप भांडायला आला.

वेंगुर्लेकर

तुमचा सगळा बरोबर असात. पण माझो झील फार्मसीक आसा, तिसऱ्या वर्षाक, आणि चवथीक तो घराक येवकच होयो. आमचो पाच दिवसांचो गणपती. गणपतीवरची माटवी कोण बांधतलो? मी? माझे गुडघे गेले. रॅली नको, टेबल पण नको. चवथीत पोरग्यांक घराक सोडा, बाकीचा मागसून बघूया.

सेम_पाच

वेंगुर्लेकर काका, तुमच्यासाठी +१००.

मी विद्यार्थिनी आहे, गुहागरकडची. इथे सगळे आमच्या नावाने बोलतायत, विचारत कुणीच नाही. मोठ्यांच्या चर्चेचा पहिला भाग नेहमी असाच असतो. गणपतीत कॉलेज चालू ठेवलं तर हॉस्टेल ओस पडेल, टेबलावर बसायला उरतील त्या बाहेरच्या जिल्ह्यातल्या चार मुली. त्यांना इथली मावशी "अगो, माका ती पांढरी गोळी" म्हणाली तर काही कळणार नाही.

पण पिशवीची कल्पना मला पटली, फक्त जागा चुकली. स्टँडवर कोण थांबतं? माणसाला गाडीत जागा पकडायची असते. त्याउलट आम्ही वाडीत रोज रात्री आरतीला घरोघर जातोच. आमच्या वाडीत बावीस घरं आहेत, सगळ्या घरात पाय लागतो. आरती झाली, प्रसाद झाला, भजन सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं आजीची पिशवी बघायला काय लागतं? मी गेल्या वर्षी चुलत आजीची बघितली होती. तिच्याकडे 2019 चं मलम निघालं, आणि ते ती डोळ्यात घालत होती. ते डोळ्याचं नव्हतंच.

सर, हे हजेरीत धरता येईल का, एवढंच सांगा.

आगळ

वा, आरती आणि औषधं! आणि आरतीला आलेली पन्नास माणसं काय करणार, डोळे मिटून बसणार? एका घरातली पिशवी उघडली की उद्या सकाळी विहिरीवर सगळ्या वाडीला कळणार, अमक्याची सून झोपेच्या गोळ्या घेते, तमक्याला फिटची गोळी चालू आहे. मुलीचं लग्न ठरत असेल तर झालंच कल्याण. टीबीच्या गोळ्या अजून कपड्यांच्या खाली ठेवतात हो आमच्याकडे. मुंबईहून आलेला मुलगा एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, गोळ्या घेत असेल तर आईला तरी माहीत असतं का?

शहरात अनोळखी मेडिकलवाला बरा वाटतो तो याचसाठी. वाडीतलीच मुलगी बघणार म्हटल्यावर लोक खरी पिशवी लपवून खोटी काढतील.

आणि कायद्याचं काय? 1948 च्या फार्मसी कायद्याने नोंदणी झालेल्या फार्मासिस्टशिवाय कुणी औषध द्यायचं नाही. पाचव्या सेमच्या मुलीने "ही गोळी बंद कर आजी" म्हटलं आणि आजीला काही झालं, तर कॉलेज हात वर करणार.

सेम_पाच

औषध देण्याचं कोण बोललं? आणि बंद कर असं मी कशाला सांगू? नाव लिहायचं, तारीख बघायची, शंका आली तर डॉक्टरकडे पाठवायचं. लपवण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. त्याचा विचार केला नव्हता. आरतीच्या वेळी नको मग, दुपारी जाईन.

नर्सबाई_दापोली

दुपारीच जा गं बाळा. दुपारी पुरुष माणसं पत्ते खेळायला बसतात आणि बायका मोकळेपणी बोलतात. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

सगळे बीपी-शुगरवर अडकलेत म्हणून एक सांगते. पावसात भातशेतीच्या वेळी लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात पसरणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन देतो, आठवड्याला एकदा. रिकाम्या पोटी, चमचाभर पाण्याबरोबर गोळी टाकायची आणि लगेच चटईवर आडवं व्हायचं, ही आपल्या शेतकऱ्याची पद्धत. मग छातीत जळजळ होते, गिळताना दुखतं. गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम होते. भरपूर पाणी आणि नंतर अर्धा तास बसून राहणं, एवढ्यावर टळतं. पण लोक काय करतात? "ती गोळी मला लागते" म्हणतात आणि उरलेल्या गोळ्या कौलात खोचून ठेवतात. कुणाला सांगत नाहीत.

फार्माकोव्हिजिलन्स हाच ना? नोंद करायला 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर आहे, मराठीतला फॉर्मही आहे. तो कुणी माझ्यासमोर भरलेला मी बघितला नाही. मीही भरला नाही, खोटं कशाला बोलू. सप्ताहात मुलांनी प्रत्येकी एक खरा फॉर्म भरून आणला तर मी रांगोळी काढायला स्वतः येईन.

खडू_डस्टर

नर्सबाईंनी माझी विकेट काढली. हे फॉर्म गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्रात जातात आणि पुढे स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक साठ्यात. दापोलीच्या शेतकऱ्याची जळजळ उप्सालाला पोचू शकते, हे मी दरवर्षी वर्गात मोठ्या आवाजात सांगतो. आमच्या कॉलेजातून किती फॉर्म गेले हे विचारू नका.

आपल्याकडे याची परंपरा नाही असंही नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं समोर दगावत होती, तेव्हा ते रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, हातापायांचा गारठा टिपत राहिले. ते 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन, म्हणजे बीपीची साधी गोळी, विंचवावर चालते हे त्यांनी दाखवलं. महाडच्या डॉक्टरला 2022 ला पद्मश्री मिळाली, त्याच्या मुळाशी ही टिपणं आहेत. प्राझोसिनचं प्रकरण शिकवताना हे सांगायला आम्हीच विसरतो.

सेम_पाच, हजेरीचं वचन देत नाही. पण असाइनमेंट म्हणून धरता येईल. प्रत्येकाने पाच पिशव्या, माणसाचं नाव न लिहिता, फक्त वय आणि औषधं. रॅली नोव्हेंबरात ढकलायचा प्रस्ताव आमच्याकडे मी ठेवतो. मंजूर होईल असं वाटत नाही, बॅनर छापून झालेत.

क्यूए_वाला

नाव न लिहिता, तारीख घालून, खाडाखोड न करता, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही. एवढं शिकलात तर बॅच रेकॉर्ड पण लिहाल. माझा विरोध अर्धा मागे. एचपीएलसीचं अजून कुणी बोललं नाही.

आगळ

माझा विरोध पूर्ण शाबूत. पाच पिशव्या म्हणजे पाचही स्वतःच्या घरातल्या असणार, आणि त्यातल्या तीन खोट्या. मुलं आहेत, मीही होतो.

वेंगुर्लेकर

ह्या सगळा वाचून काल रात्री माझीच पिशवी उपडी केलंय. झील नाय तर नाय, चष्मो लावून वाचलंय. बीपीची दोन पाकिटां. एक कुडाळच्या डॉक्टरान दिलेला, दुसरा बहिणीकडे मुंबैक गेल्लंय तेव्हा थंयच्या डॉक्टरान. नावां येगळी. पण खाली बारीक अक्षरात दोन्हीर टेल्मिसार्टन 40. दोन म्हयने दोन्ही खातंय. उठताना चक्कर येता ती वयामुळे म्हणून गप होतंय. आता काय करूचा? दोन्ही बंद करू?

बाजारपेठ_चिपळूण

काका, दोन्ही बंद करू नका. आपल्या मनाने काहीच करू नका. आजच दोन्ही पाकिटं आणि दोन्ही चिठ्ठ्या घेऊन कुडाळच्या डॉक्टरकडे जा, चक्कर येते हे आधी सांगा, बीपी बसून आणि उभं राहून दोन्ही मोजायला लावा. तोवर उठताना सावकाश, आणि स्कूटर चालवू नका.

वेंगुर्लेकर

जातंय. झिलाक फोन केलंय, तो म्हणता सोमवारीच येतंय. पण चवथीक तो घराकच रवतलो, ह्या लिवन ठेवा.