बाबा उभे राहिले की बीपी ४० ने उतरतं, नाडी मात्र वाढत नाही. मेंदूतल्या पेशी बिघडल्या आहेत का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहिते आहे. बाबा ७१ वर्षांचे. शुगर २२ वर्षांपासून, बीपीची गोळी १० वर्षांपासून, आणि दिवाळीपासून प्रोस्टेटची एक गोळी रात्री झोपताना.

मागच्या मंगळवारी पहाटे मी कूलरमध्ये पाणी भरत होते. बाबा बाथरूमला जायला उठले, दोन पावलं चालले आणि कूलरचा स्टँड धरून तसेच उभे राहिले. हाक मारली, तर ओ नाही. मान खाली, बोटं स्टँडच्या कडेला इतकी आवळलेली की पेरं पांढरी पडली होती. मी धरून खाली बसवलं. मिनिटभराने म्हणतात, "काही नाही बाप्पा, जराशी अंधारी आली."

त्या दिवसापासून घरच्या मशीनवर मोजते आहे. चारही पहाटे आकडे साधारण असेच आले: दहा मिनिटं झोपून १५६/८४, नाडी ७४. उभं राहून एका मिनिटाने ११६/७०, नाडी ७८. तीन मिनिटांनी ११२/६८, नाडी ७९.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या देठातल्या पेशी बीपी सांभाळतात, त्यांचा रिफ्लेक्स मंदावलाय. बाहेर पेशंटची रांग होती, पुढे विचारायचं राहून गेलं. आत्या म्हणते पारा ४५ ला टेकलाय, पन्हं पाजा आणि बीपीची गोळी बंद करा. पुण्याचा भाऊ म्हणतो आधी एमआरआय. मला आधी हे कळायला हवं की त्या पेशी करतात तरी काय, आणि बिघाड त्यांच्यातच आहे का? कोणी नीट समजावून सांगेल का? रात्री झोप लागत नाही हो.

प्रतिसाद १

ताई, नाडी लिहून ठेवलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक फक्त बीपी लिहितात. मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत, आणि जबड्याखाली मानेतली रोहिणी जिथे दुभागते तिथे, भिंतीत ताण ओळखणारे चेतातंतूंचे शेंडे असतात. भिंत जितकी ताणली जाईल तितके जास्त संदेश. मानेतले संदेश मेंदूच्या नवव्या चेतेतून येतात, कमानीतले दहाव्या म्हणजे व्हेगसमधून. दोन्ही पोचतात मेंदूच्या देठाच्या तळाशी, मेडुलातल्या न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस या पेशीपुंजात.

मेडुलातच दुसरा एक पुंज आहे. तो मज्जारज्जूमार्गे रक्तवाहिन्यांना 'आवळा, आवळा' असं रात्रंदिवस सांगत असतो. पहिला पुंज मधल्या पेशींकरवी त्याला आवर घालतो. म्हणजे देठातलं काम मुख्यतः आवर घालण्याचं आणि सोडण्याचं आहे. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं, मानेतला ताण घटतो, संदेश कमी होतात, आवर सुटतो. वाहिन्या आवळतात, व्हेगसचा लगाम सैल होऊन नाडी वाढते. सगळं काही सेकंदांत.

आता तुमचे आकडे बघा. तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तरी त्याला दोष मानतात; इथे वरचा ४० उतरलाय. नुसतं उन्हाने पाणी कमी झालं असतं तर नाडी चांगली उसळली असती. इथे ती चारने वाढली, म्हणजे चेतांकडेच संशय जातो. पण २२ वर्षांच्या शुगरमध्ये बहुधा देठातल्या पेशी नव्हे, त्यांचा हुकूम हृदयाकडे आणि वाहिन्यांकडे नेणारे बारीक तंतू झिजतात. हुकूम निघतो, पोचत नाही. हे तंतू एमआरआयमध्ये दिसत नाहीत. मात्र चाल मंदावली असेल, हात कापत असेल किंवा बोलणं बदललं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवाच.

एक विचारतो: बीपीची गोळी बीटा-ब्लॉकर आहे का? तीही नाडी दाबून ठेवते.

मूळ लेखिका

काका, आत्ताच स्ट्रिप बघितली. बीपीची अ‍ॅम्लोडिपीन आहे, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन. हात कापत नाहीत, चालही पूर्वीसारखीच आहे.

प्रतिसाद १

म्हणजे बीटा-ब्लॉकर नाही. पण टॅमसुलोसिन अल्फा-ब्लॉकर आहे. ते प्रोस्टेटचे स्नायू सैल करताना वाहिन्यांनाही आवळू देत नाही, आणि रात्रीचा डोस पहाटे अंगात असतोच. त्यात झोपून १५६ आहे, म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. दोन्ही स्ट्रिप आणि हे आकडे घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. कोणती गोळी केव्हा द्यायची ते त्यांना ठरवू द्या.

प्रतिसाद २

माझ्या आईचं हेच होतं. उठण्याआधी पलंगावर बसून दोन मिनिटं पाय हलवायची, आणि डॉक्टरांना विचारून पहाटे दोन पेले पाणी. खूप फरक पडला. रात्री लघवीसाठी पलंगाजवळच भांडं ठेवा. पलंगाची डोक्याकडची बाजूही उंच करायला सांगितली होती.

मूळ लेखिका

उशा वाढवल्या तर चालेल का?

प्रतिसाद २

उशांनी नुसती मान वाकते, ताई. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवा, अख्खा पलंग तिरपा व्हायला हवा. आणि पलंग हलत नाही ना, ते आधी स्वतः झोपून बघा.